थोडंसंच काम राहिलंय

इंग्लंडात अमुक एका वयाच्या गृहस्थाची रोजची गाडी बाहेर पावसात भिजत असली, तर खुशाल समजावं, की गॅरेजात दुसरी आहे आणि ती चालत नाही. बहुधा एमजीबी. दोन सीटची, उघड्या टपाची, ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली. १७९८ सीसीचं इंजिन बाकावर, त्याचे नटबोल्ट बिस्किटांच्या डब्यांत आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या उंदरांच्या पोटात.

घरच्यांनी हात टेकले आणि स्वतःचे गुडघे टेकेनासे झाले, की हा जाहिरात देतो: 'नव्वद टक्के काम पूर्ण. वेळेअभावी विकणे.' पूर्ण झालंय ते गाडी सुटी करण्याचं काम, हे तिथे गेल्यावर कळतं.

गंज हा शब्द त्याच्या तोंडी येत नाही. 'वरवरचं आहे,' तो म्हणतो. मुलगा सध्या नोकरी 'बघतोय' असं सांगणाऱ्या वरपित्याच्या सुरात. दरवाजाखाली सिल नावाचा पोकळ पट्टा असतो. वर टप नाही, त्यामुळे गाडीचा मुख्य भार त्याच्यावर. तो कुजला की गाडी मधोमध वाकते. तुम्ही तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवता, तो आरपार जातो. गृहस्थ दुखावून बघतो ते स्क्रूड्रायव्हरकडे.

मग गुणगान. चाळीस वर्षं उलटल्यामुळे रस्ता-कर नाही, वार्षिक तपासणीही सहसा नाही. खरं आहे. गॅरेजातून न निघणाऱ्या गाडीला ती तशीही नसते. 'आणि पार्ट सगळे मिळतात!' हेही खरं. १९८८पासून या गाडीची अख्खी बॉडी नवी कोरी मिळते. म्हणजे त्याच्याकडून घ्यायचं काय, तर नंबरप्लेट आणि कागद.

किंमत पावत्यांच्या फायलीतून निघते. झालेला खर्च तीत पैन् पै धरलेला, राहिलेलं काम फुकट. घासाघीस केलीत तर तोच तुमची मुलाखत घेतो. वेल्डिंग येतं का? गॅरेज कोरडं आहे ना? (त्याचं स्वतःचं गळतं.) त्याला गिऱ्हाईक नको असतं, वारस हवा असतो.

पण लबाड म्हणू नका त्याला. अजून दोन उन्हाळे मिळाले असते तर गाडी रस्त्यावर आली असती, असं तो मनापासून मानतो. त्यानेही ती कुणाकडून तरी नव्वद टक्के झालेलीच घेतली होती.

जायचंच असेल तर लोहचुंबक आणि जॅक सोबत न्या. चुंबक सिलला जिथे चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दारं जागेवर असतील तर जॅक सिलखाली लावून गाडी जराशी उचला आणि दार लावून बघा. दार बसेना, किंवा जॅक वर गेला आणि गाडी तिथेच राहिली, तर तो चहा देईल तेवढा प्या आणि सरळ घरी या.