बारामती–इंदापूर मार्गावर निसर्ग कमी भरल्याबाबत

प्रति,
श्री. पाठपिशवीधारी पर्यटक,
मुक्काम पोस्ट : जिथे रेंज मिळेल तिथे.

विषय : आपल्या तोंडी तक्रारीबाबत खुलासा.

महोदय,

काल बसमध्ये आपण फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अरे, तासभर झाला, नुसता ऊसच चाललाय!" आपला आवाज खणखणीत असल्याने ही तक्रार शेवटच्या बाकापर्यंत रीतसर पोचली. तिचा खुलासा वास्तविक बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांनी करायचा. पण दोघेही सध्या पाण्याच्या पाळीत अडकले असल्याने मी करतो.

डोंगर, धुके, धबधबे हा माल आमच्याकडे येत नाही. पाऊस सह्याद्रीवरच हात मोकळे करतो. आमच्यापर्यंत येणारे ढग रिकाम्या खिशाने येतात. तरीही काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे असा सारा पट्टा आपल्याला हिरवा दिसला, त्याचे श्रेय नीरा डाव्या कालव्याला. 1876 च्या दुष्काळाने हाडे मोजून घेतल्यानंतर इंग्रजांनी तो खोदला. आपल्याला खिडकीतून फुकट दिसलेली ही हिरवळ इथल्या माणसाला पाणीपट्टी भरून, कालव्याच्या आवर्तनाची वाट बघून, रात्री दोनला दारं धरून मिळते. कालव्याच्या टेलच्या गावाला तर ती मिळेलच असेही नाही.

ऊस उंच वाढून आपला देखावा अडवतो, हे कबूल. हंगामात तो दोन-दोन ट्रॉल्यांत बसून रस्ताही अडवतो. गाळप संपल्यावर यावे. शेते मोकळी दिसतील, फक्त पारा चाळिशीला टेकलेला असेल.

शेळगाव–निमगाव केतकीच्या टापूत आपण डुलकी घेतलीत. रस्ता सोडून आत गेले की कडबनवाडीचे माळरान लागते. चिंकारा, लांडगा, खोकड यांचे ते घर. वर झाडी नाही, खाली पाणी नाही, म्हणून आपण त्याला "इथे काहीच नाही" म्हणाला असतात. वाईट वाटून घेऊ नये. गवताळ जमिनीला पडीक ठरवण्यात सरकारी दप्तरही आपल्याच पंक्तीला आहे.

आता सहप्रवाशांविषयी. 'स्थानिकांशी संवाद' हे कलम आपल्या कार्यक्रमात होतेच. शेजारच्या काकांच्या पायांशी पोत्यात गुंडाळलेली पाणबुडी मोटर होती. ती जळाली होती, काका ती भरून आणायला निघाले होते. इकडे ऊस सुकत होता. त्यांना आपण म्हणालात, "लाइफ इकडे किती शांत आहे ना!" काका काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

मावशी लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मे भाडे पडते. मावशींनी तेवढे भरले आणि उभ्याने प्रवास केला. कारण आसनावर आपली पिशवी बसली होती. पिशव्यांसाठी अजून कोणतीही योजना जाहीर झालेली नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मात्र प्रवास फुकट आहे, त्यामुळे भटकंतीत आमचे आजोबा आपल्याला सहज मागे टाकतील.

पाठीवर ओझे घेऊन या वाटेने निघणारे आपण पहिलेच नव्हेत. तुकोबांची पालखी आषाढीच्या वारीत इथूनच पंढरीला जाते. काटेवाडीत तिला धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्या धावतात. पुढे बेलवाडीला गोल रिंगण होते. त्या लाखोंपैकी कुणी मुक्कामावर पोचल्यावर चिखलाला दोन तारे दिल्याचे ऐकिवात नाही.

वाट वाकडी करून पाहिलेले भिगवण मात्र आपल्या पसंतीस उतरले, याचा आनंद आहे. उजनीचे पाणी, होडी, रोहित पक्षी, सगळे पैसे वसूल. हे पाणी 1980 साली पुऱ्या झालेल्या धरणाचे, आणि त्याच्या पोटात माणसांची घरे-शिवारे गेलेली आहेत. उजनी खूप आटली की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि फोटोवाल्यांची झुंबड उडते. देऊळ जितके जास्त दिसेल, तितका तो उन्हाळा काठच्या शेतकऱ्याला जड जातो. फोटोखाली एवढी ओळ टाकायला जागा असावी.

पुन्हा यायचे असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास घ्या, चार किंवा सात दिवसांचा मिळतो. पिशवी वरच्या फळीवर ठेवा. आणि शेजाऱ्याला "इथे बघण्यासारखं काय आहे?" असे विचारू नका, "काका, आवर्तन सुटलं का?" एवढेच विचारा. इंदापूर येईल, बस रिकामी होईल, पण उत्तर संपलेले नसेल.

कळावे,
आपला,
मागच्या बाकावरचा प्रवासी