समूहावर न आलेली तसबीर

विद्यार्जनार्थ परदेशी गेलेले कुंभार पिंपळगावचे चिरंजीव सुटी लागली की मित्रमंडळींसह तेथील कलासंग्रहालयांना भेटी देतात, आणि या भेटींची साद्यंत कैफियत छायाचित्रांसह गावच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर दाखल करण्याचा दस्तूर पडलेला असल्यामुळे, घनसावंगी तालुक्याची शीव क्वचितच ओलांडणाऱ्या आमच्या पारावरील मंडळींनाही युरोपीय चित्रकलेवर अधिकारवाणीने बोलण्याची पात्रता प्राप्त झाली आहे.

पॅरिसचे लूव्र हे यातले आद्य तीर्थक्षेत्र. तेथे पोहोचताच, वाटेतील शेकडो चित्रांचा मुलाहिजा न ठेवता, ही मंडळी मोनालिसाच्या दालनात धाव घेतात आणि गर्दीच्या डोक्यांवरून हात उंचावून तिची तसबीर टिपतात. ती समूहावर येताच ‘इतकुशीच हाय का?’ असा पारावरून सवाल होतो, आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही, कारण चित्राची उंची अवघी ७७ सेंटीमीटर आहे. त्याच दालनात, तिच्या समोरच्या भिंतीवर, व्हेरोनेझे या चित्रकाराने रंगवलेली सुमारे १० मीटर रुंदीची लग्नाची पंगत आहे. पंगतीकडे पाठ फिरवून उभे राहण्याचा कुंभार पिंपळगावच्या इतिहासातील हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

परंतु खरी मौज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात घडते. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गडप झालेल्या पॉम्पेई नगरातील शृंगारिक चित्रे आणि शिल्पे तेथे ‘गुप्त दालन’ नामक विभागात ठेवलेली असून, २००० सालापासून ते सर्वांना खुले आहे. आणि ज्यांना मार्गदर्शकाने विनवूनही ग्रीक कुंभांची कपाटे पाहण्यास सवड झाली नाही (गावाच्या नावातल्या कुंभाराची तरी भीड ठेवावयास हवी होती), तेच चिरंजीव या दालनाचा पत्ता मात्र कोणासही न विचारता बिनचूक शोधून काढतात.

याच दालनात जेमतेम वीतभर उंचीची, अंगावर दागिन्यांखेरीज फारसे काही नसलेली, दोन्ही बाजूंस दासी असलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. १९३८ साली ती पॉम्पेईत सापडली आणि लक्ष्मी समजून तिची नोंद झाली. पुढे आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्तीचा अवशेष हाती आला, तेव्हा ती मूळची भोकरदनचीच असावी, असे मत पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले. म्हणजे आमच्या जिल्ह्यातून युरोपात पोहोचलेली ही बाई चिरंजीवांच्या कितीतरी पिढ्या आधीची. तिला ना व्हिसा लागला, ना शैक्षणिक कर्ज.

शेजारच्या वस्तूंकडे पाहून एकमेकांना कोपरखळ्या देण्याच्या गडबडीत तिच्याखालची पाटी कोणी वाचत नाही. आणि चुकून छायाचित्र निघालेच, तरी समूहात आत्याबाई, मामासाहेब आणि सेवानिवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे ते जागच्या जागी नामंजूर होते. तस्मात, साऱ्या युरोपातून आमच्या गावाला मोनालिसेची तसबीर वारंवार मिळाली, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या बाईची एकही नाही.

ज्या पालकांची मुले सांप्रत तिकडे आहेत, त्यांनी एवढा निरोप अवश्य धाडावा: पाटी वाचा, छायाचित्र खुशाल पाठवा, आत्याबाईंची समजूत आम्ही घालू, मात्र मंगळवारी जाऊ नका, त्या दिवशी लूव्रप्रमाणे नेपल्सचे संग्रहालयही बंद असते.