तासाचा बारगीर

रपेट मारताना माणूस देखणा दिसतो आणि घोडा फेरताना हास्यास्पद. हे मला आधी कोणी सांगितलं असतं, तर मी रपेटीपुरतीच फी भरली असती. पण आमच्या क्लबात रपेट सुटी मिळत नाही. आठवडाभर वाळूच्या रिंगणात गोल फिराल, तर रविवारी फाटकाबाहेर सोडतात.

नाद लागला तो २०२३मध्ये. हांगझाऊच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवलं. घोडेस्वारीतलं १९८२नंतरचं हे आपलं पहिलं सुवर्ण, आणि चौघांपैकी हृदय छेडा मुंबईचा. टीव्हीवर ते स्वार घोड्यावर नुसते बसलेले दिसत होते. नुसतं बसणं मला येतं. कचेरीत मी जन्मभर तेच केलं.

रिंगण वीस मीटर बाय चाळीस मीटरचं. कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशा पाट्या. हीच अक्षरं आणि ती याच क्रमाने का, हे खात्रीने कोणी सांगू शकत नाही, तरी सारं जग निमूटपणे 'ए'मधून आत शिरतं. 'बी'पाशी वीस मीटरचं वर्तुळ काढायचं असतं. माझं पाहून आमचे शिक्षक, घोडदळातून निवृत्त झालेले दफेदार, म्हणाले, "साहेब, हे वर्तुळ आहे का सातारा जिल्हा?" मग ट्रॉट. घोड्याचा कठड्याकडचा पुढचा पाय पुढे गेला की आपण उठायचं, मागे आला की टेकायचं. मी नेमका उलटा. शेजारून जाणारी चौथी-पाचवीतली एक मुलगी खाली न बघताच म्हणाली, "काका, डायगोनल बदला." डायगोनल मी बदलला. 'काका'चं काही करता आलं नाही.

तरी घोडेस्वारी रक्तातच आहे असं मी समजत होतो, कारण आमच्या घराण्यात पूर्वी घोडी होती, असं आजोबा सांगत. पुढे जुने कागद निघाले तेव्हा कळलं की घोडी नव्हती, घोड्यांच्या चंदीचा हिशेब होता. तेव्हापासून मी पागेविषयी फार वाचतो. शिवकाळात स्वार दोन प्रकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन यायचा, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. सभासदाच्या बखरीत सगळी उतरंड दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमले मिळून एक हजारी. गुणाकार करून पाहा, साडेबाराशे येतात. म्हणजे काम साडेबाराशेंचं आणि म्हणवायचं हजारी. पदवीपेक्षा काम जास्त असलेला मराठी मुलखातला हा बहुधा शेवटचा हुद्दा. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पावसाळ्यात सारं लष्कर छावणीला परत, दसऱ्याला पुन्हा मोहिमेवर. यात मी कुठे बसतो, याचा मी बराच विचार केला. घोडा क्लबाचा, खोगीर क्लबाचं, हेल्मेट तेवढं माझं. तेव्हा बारगीर, तोही तासाच्या बोलीवरचा. मात्र फी मी देतो, म्हणजे उलट्या पगाराचा. अशी नेमणूक सभासदाला ठाऊक नसावी. पखालजीची जागा मात्र आजही भरलेली आहे. आमचे मोतद्दार मामा पहाटे उजेडायच्या आत बादल्या भरतात. एकेक घोडा दिवसाला तीसेक लिटर पाणी पितो. मग खरारा, मग तोबरे, मग लीद. नंतर आम्ही सरदार येतो.

माझ्या वाट्याला येतो तो बाळू. रेसच्या पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. पळणं संपलं, नाव आखूड झालं. परवा एक रविवारचे स्वार त्याच्यावरून उतरले, लगाम मामांच्या अंगावर टाकला आणि म्हणाले, "याचं तोंड मेलंय."

मेलंय ना? मारलं कोणी? लगामाची कडी जिथे टेकते तिथे घोड्याला दातच नसतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधली ती मोकळी जागा. नुसती हिरडी आणि तिच्याखाली लगेच हाड. तोल गेला की शिकाऊ माणूस सगळा भार तिथे टाकतो. एक उतरला की दुसरा चढतो. रोज इतकं ओढल्यावर कोण ऐकेल? घोडा फेरायचा तो याचसाठी, की त्याने आपली मांडी आणि बैठक ओळखावी, हाताला काम उरू नये. घोडा का अडला, न फिरवल्यामुळे, हे कोडं आपण लहानपणी सोडवलंय. बाळू अडतो तो फिरवून फिरवून. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्या जबड्यावरून हात फिरवला आणि तंग सैल केला.

म्हणून रपेट हवी. माझ्याइतकीच त्यालाही. रिंगणात बाळूचे कान दोन्हीकडे पडलेले असतात, फाटक ओलांडलं की ताठ पुढे. पहिली दहा मिनिटं लगाम सैल सोडून नुसतं चालायचं. पुढे चढावर त्याचे मागचे पाय जोर लावतात. रिंगणात जे माझ्याकडून होत नाही, ते टेकडी फुकट करते. परतीची वाट पुन्हा चालीने, म्हणजे पागेत पोचेपर्यंत श्वास खाली बसतो. ट्रकला बाळू भीत नाही, झुडपात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीला भितो. ती त्याला माझ्याआधी दिसते, कारण त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. थेट नाकापुढचं आणि थेट शेपटीमागचं सोडलं, तर त्याला जवळपास सगळं दिसतं.

आणि कालव्याकाठी मीही सगळ्यांना दिसतो! ब्रीचेस, गुडघ्यापर्यंत बूट, पाठ ताठ. हास्यक्लबाची मंडळी हसायची थांबतात. गेल्या रविवारी एका आजींनी तर हात करून थांबवलं. मी हेल्मेटला बोट लावून अदबीने वाकलो. त्यांनी विचारलं, "वरातीचे किती घेता?"

तर कालव्याच्या रस्त्याला कोणी तपकिरी घोड्यावर दिसलं, तर कृपा करून हॉर्न वाजवू नका, गाडी हळू करा आणि हातभर जास्त जागा सोडून पुढे जा. फोटो काढायचा असेल तर उजवीकडून काढा. डाव्या हाताने मी आयाळ धरलेली असते.