दिवाण घ्यावा हप्त्यांनी

दुकानातून नवा दिवाण घेतला की पैसे दिले, पावती घेतली, विषय संपला. पुढची दोन-तीन वर्षं जिन्यात कोणाला टाळायचं हा प्रश्नच उरत नाही. इतकं अळणी आयुष्य नको असेल तर जुना, सागवानी, पोटात सामानाला जागा असलेला दिवाण ओळखीतल्या माणसाकडून हप्त्यांनी घ्या. मी घेतला आहे, म्हणून अधिकाराने सांगतो.

१. विकणारा आपल्याच इमारतीतला शोधा. परगावचा माणूस फोन उचलला नाही की विसरतो तरी. चौथ्या मजल्यावरचे काका रोज लिफ्टमध्ये भेटतात. शिवाय हप्ता थकलेला असेल नेमक्या त्याच दिवशी ती लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते.

२. ‘विसार’ हा शब्द वापरा, अर्थ मात्र विचारू नका. दिवाण १८ हजारांना ठरला, तुम्ही ३ हजार हातावर ठेवलेत. तुमच्या हिशेबाने आता १५ राहिले. काकांच्या हिशेबाने विसार हा दिलेल्या शब्दाचा मान, किंमत आहे तिथेच आहे. पाचव्या हप्त्यापर्यंत दोघंही आनंदात असता.

३. कागद करू नका. सगळी मेख इथे आहे, तेव्हा जरा सावकाश वाचा. तुम्ही खिशातून वहीचं पान काढाल. काका म्हणतील, “अहो, घरातल्या घरात कसला कागद?” या क्षणी लाजायचं. काकू चहा आणतील, तो घ्यायचा आणि पान बशीखाली सरकवायचं. त्या पानावर चार ओळी नि दोन सह्या झाल्या असत्या तर सगळाच खेळ बिघडला असता. मन खायला लागलंच तर स्टँप पेपरचा विचार करा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा आला. एका जुन्या दिवाणापायी पाचशे कोण घालवणार? पावतीला मात्र असलं काही लागत नाही. पाच हजारांच्या वरच्या पावतीलाच रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप चिकटवावा लागतो, म्हणजे तीन हजारांचा हप्ता वाण्याच्या चिठ्ठीएवढ्या कागदावर बसतो. ही माहिती काकांपर्यंत जाऊ देऊ नका.

४. हप्ते पसरून द्या. एक रोख, जिन्यात, साक्षीदार नसताना. एक काकूंच्या नंबरवर यूपीआयने. एक काकांच्या नंबरवर, शेऱ्यात नुसतं ‘थँक्यू’. आणि एक आंब्याच्या पेटीत वळता करा. माझी पेटी अजून गाजते आहे. मी ती हप्त्यापोटी दिली, काकांनी ती शेजारधर्म म्हणून घेतली, आणि आता ते म्हणतात की मुळात तो हापूसच नव्हता. आधी ती भेट होती की हप्ता हे ठरू द्या, मग जात बघू, असं मी म्हणतो. हंगाम संपला. साली केव्हाच गेल्या.

५. दिवाण घरात घ्या, पण त्याचं पोट उघडून बघू नका. आत काकांच्या दोन रजया, तीन उशा आणि आईच्या हातचं एक मोठं पितळी पातेलं असेल. “जागा झाली की नेतो.” ती जागा कधीही होत नाही. रात्री साडेनऊला बेल वाजेल. दारात काका. “पाहुणे आलेत, रजई काढू का जरा?” तुम्ही दिवाणावर बसून जेवत असाल. उठायचं. ताट हातात धरून भिंतीशी उभं राहायचं. गादी दुमडली जाते, फळी उचलली जाते, डांबरगोळ्यांचा वास आमटीत उतरतो. काकांचं डोकं आत असताना थकलेल्या हप्त्याचा विषय निघतो, तो आतूनच, त्यामुळे घुमतो.

६. ढेकूण निघाले तर पेस्ट कंट्रोलचे १,४०० पुढच्या हप्त्यातून गुपचूप कापा. “आमच्याकडे होता तेव्हा नव्हते,” असं उत्तर येईल. माल पारखून घेणं घेणाऱ्याचं काम, हे कायद्याचंही साधारण म्हणणं आहे. पण ढेकूण दुपारच्या चहाला बाहेर येत नाहीत. बिचारे तुम्ही!

७. पैसे अर्धे फिटले की ‘दिवाण कुणाचा’ हा वाद काढा. १९३० चा मालविक्रीचा कायदा सांगतो की समोर तयार असलेल्या ठरावीक वस्तूचा बिनशर्त सौदा झाला की पैसे मागाहून द्यायचे असले तरी मालकी सौद्याबरोबरच जाते. दोघांनी काही वेगळं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. आता, काही वेगळं ठरलं होतं का? काका म्हणतात, पैसे फिटेपर्यंत दिवाण त्यांचा, असं ते बोलले होते. मी म्हणतो, बोलले नव्हते. त्या वेळी काकू स्वयंपाकघरात आलं किसत होत्या.

८. दाद मागायला निघा, पाय मोकळे होतात. ग्राहक आयोगाला काकांशी देणंघेणं नाही, कारण ते काही दिवाणांचा व्यापार करत नाहीत. पोलीस चौकीत हवालदार दोन मिनिटं ऐकून म्हणतात, “हे दिवाणी प्रकरण आहे.” इथे हसू नका. मी हसलो, आणि वर “सागवानी” असंही म्हणालो. राहता राहिलं कोर्ट. तिथे बाकी वसूल करायला काकांकडे तीन वर्षांची मुदत आहे, आणि ते निवृत्त आहेत.

आमचं चौदा महिने चाललंय. परवा त्यांच्याकडे सत्यनारायण होता, म्हणून सकाळी सातला पातेलं न्यायला आले. आम्ही दोघं उठून उभे राहिलो, फळी उचलली, कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी काकू द्रोण भरून शिरा देऊन गेल्या, केळं घातलेला, वर तुळशीचं पान. बायकोने तो खाल्ला आणि हिशेबाची वही काढली. द्रोण कुणाच्या खाती मांडायचा, यावर आता आमच्या दोघांचं जुळत नाहीये.