सत्तर मात्रांचा लसावि

आमच्या शाळेत संगीताचा तास म्हणजे गावकीची विहीर. ज्याची कळशी रिकामी, त्याने येऊन भरून न्यावी. चाचणी जवळ आली की गणिताच्या बाई दारात उभ्या. "सर, पोर्शन राहिलाय हो!" सर मुकाट्याने तबला-डग्ग्याला गवसणी घालत.

एकदा मुसळधार पाऊस होता. तास देऊनही सर गेले नाहीत, मागच्या बाकावर टेकले. फळ्यावर 6 आणि 8 चा लसावि चालला होता. वर्गाच्या चेहऱ्यावर उत्साहही लघुत्तमच. सरांना राहवेना. "बाई, सहाचा दादरा, आठाचा केरवा. मोजून बघू का?"

अर्ध्या वर्गाला दादरा, अर्ध्याला केरवा. टाळी फक्त आपापल्या समेवर. पहिली टाळी एकत्र पडली आणि लगेच दोघांचं बिनसलं. हे इकडे, ते तिकडे. 24 मात्रा भरल्या आणि पंचविसावीला वर्ग एकदम कडाडला. पाढ्यांशी कायमचा अबोला धरलेला एकजण म्हणाला, "बाई, हाच का तो लसावि? सोपाय की!"

बाईंना चेव आला. "आता सात आणि दहा!" रूपक आणि झपताल. पोरं नेटानं सत्तरीपर्यंत गेली. पण रूपकात समेवरच खाली. तिथे टाळी नाही, हात नुसता हलवायचा. अर्ध्या वर्गाने टाळी दिली, अर्ध्याने निरोप. "सत्तर मोजून एवढंच?" बाई हिरमुसल्या. सर म्हणाले, "भेट झाली ना? वाजलीच पाहिजे असं थोडंच आहे!"

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला इतर विषयांत मिसळून शिकवा, असं सांगितलंय. छानच आहे. पण शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे असतं. दोघांनी मिळून पाठ आखायला आठवड्यातून एक सामाईक मोकळा तास मागितला. बाई मोकळ्या तेव्हा सर पाचवी 'ब'त, सर मोकळे तेव्हा बाई दहावीत. रात्री बसून खोडरबर झिजवला. दोघांच्या मोकळ्या तासांचा लसावि निघाला थेट मे महिन्याच्या सुट्टीत.

मी ओशाळून तसं सांगितलं. दोघं हसली. आता पाठ मधल्या सुट्टीत, एकाच डब्यावर आखले जातात.

परवा पुन्हा चाचणी जवळ आली. बाई संगीताच्या वर्गाच्या दारात उभ्या. सरांचा हात सवयीने गवसणीकडे गेला.

"राहू द्या ती," बाई म्हणाल्या. "पोर्शन राहिलाय. तुम्हीही थांबा."