खाली बसलेल्या गाडीतून सुरत

माझ्या भाच्यानं त्याच्या जुन्या स्विफ्टच्या स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच खाली बसवून घेतली आहे. त्याला किती खर्च आला हे त्याच्या आईला अजून माहीत नाही, म्हणून आकडा इथे देत नाही. सुरतेत लिंबायतला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. धुळ्याहून सुरत साधारण सव्वादोनशे किलोमीटर. "मामा, एसटीनं कशाला? आपली गाडी आहे ना!" भाचा म्हणाला. गाडी आपली म्हणजे डिझेल माझं, हे पंपावर कळलं.

कुसुंब्याला पहिला गतिरोधक आला आणि गाडी थांबली.

"मामा, जरा उतरा."

"का रे?"

"तळ घासेल."

मी उतरलो. पलीकडून बायकोही उतरायला लागली, तर भाचा म्हणाला, "मामी, तुम्ही बसा. तुमचं चालतं."

वजनाबद्दल डॉक्टर बोलतात ते मी मनावर घेत नाही. त्यांची फी असते, त्यांना काहीतरी बोलावंच लागतं. पण भर बाजारात गतिरोधक पायी ओलांडून, पलीकडे उभ्या असलेल्या स्वतःच्याच गाडीत पुन्हा बसणाऱ्या माणसाकडे पानटपरीवरची मंडळी ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेला फी नसते. मग मी हिशेब मांडला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गाडीचं पोट जमिनीपासून मुळात १७० मिलीमीटर वर. त्यातले दोन इंच भाच्यानं घालवले, उरले १२० मिलीमीटर. म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर शिल्लक राहतात आणि नेमके तेवढे मी बसल्यावर जातात. शिवाय आपल्याकडचे गतिरोधक मानक बघून बांधत नाहीत. अपघातानंतर गावाला जेवढा राग आला असेल तेवढी उंची ठेवतात. साक्री, दहिवेल, विसरवाडी. गावं रागीट निघाली. सुरत मी बरीचशी पायी गाठली.

मी शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे निघतानाच ठरवलं होतं की 'सुरत लुटायला चाललो' हा विनोद करायचा नाही. तो शिक्षकांच्या खोलीत झाला, पंपावरच्या पोरानं केला, व्याह्यांनी फोनवर केला. मी मात्र भाच्याला खरा इतिहास सांगायला घेतला. जानेवारी १६६४. महाराजांचा तळ बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत, आणि शहराचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसलेला. "एवढ्या लांब आले कसे?" भाच्यानं विचारलं. घोड्यांवरून, मी म्हटलं. घोड्याचं पोट जमिनीपासून चांगलं वर असतं. त्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

नवापूरचं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. ते बघायचं राहिलं, कारण तिकडच्या रस्त्याला गतिरोधक होते.

व्यारा इथे चहा घेऊन भाच्यानं गाडी वळवली आणि पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. कट्, कट्, कट्. सरळ गेलं की बंद, वळलं की सुरू. भाच्याकडे यावर उपाय होता. त्यानं गाण्याचा आवाज आणखी वाढवला. उधन्याला पोचेपर्यंत गाणं चालू असतानाही कटकट ऐकू येऊ लागली. मग मी वाकलो. माझं वाकणं ही घटना असते. बायकोनं पर्स बाजूला ठेवली. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फटकारे उडाले होते, रिमवर, ब्रेकवर, सगळीकडे.

गॅरेजवाल्यानं जॅक लावला, हातबत्ती धरली आणि विचारलं, "गाडी खाले कोनी बठाडी?"

अहिराणी! उधन्यात! माणूस शिंदखेड्याकडचा निघाला. भाचा खुलला आणि त्यानं तो विनोद केलाच. "काय दादा, लुटली की नाही सुरत?"

त्यानं पाना खाली ठेवला. "हाऊ दर लग्नसराईले येस," एवढंच म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. मला भाच्याचा संताप आला, आणि खरं तर आपल्या सगळ्यांचाच. खानदेशातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे येऊन मागावर, रंगाच्या कारखान्यात राबली, घरभाडं भरलं, पोरं महापालिकेच्या मराठी शाळेत घातली. आणि पाहुणे येतात ते तिकिटाबरोबर हाच एक विनोद घेऊन.

"बूट फाटना," त्यानं निकाल दिला. पुढच्या चाकांना इंजिनाची ताकदही पोचवायची आणि ती वळूही द्यायची, म्हणून अॅक्सलच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. त्यात पोलादाच्या सहा गोळ्या. १९५९ मध्ये आलेल्या छोट्या मिनी गाडीत हाच जॉइंट होता. गोळ्यांभोवती ग्रीस आणि ग्रीस सांभाळायला घड्याघड्यांचा रबरी बूट. त्यानं दाखवलं : जॅकवर असताना घड्या मोकळ्या, खाली सोडली की वरच्या घड्या एकमेकींवर दाबून बसतात. गाडी खाली येते, चाक तिथेच राहतं, अॅक्सल तिरका होतो. स्विफ्टचं चाक किलोमीटरला पाचशेहून जास्त फेरे घेतं. धुळे ते सुरत लाखाच्या वर फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला रबर रबरावर घासणार. फाटलं की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि गोळ्या झिजून बोलायला लागतात.

भाचा बूट आणायला गेला. मी रिकामा बसलो की इतिहास सांगतो. गॅरेजमधल्या पोराला म्हटलं, डिसेंबर १९०७ मध्ये याच सुरतेत काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. टिळक व्यासपीठावर उभे असताना मंडपातून एक जोडा भिरभिरत आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता दोघांनाही लागला. जहाल आणि मवाळ तिथेच फुटले.

पोरानं विचार करून विचारलं, "आणि दुसरा पायातला?"

इतकी वर्षं शिकवतोय, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता.

जॉइंट पेट्रोलनं धुऊन, नवीन ग्रीस भरून बूट चढला. धुळ्यापर्यंत जाईल, पण गोळ्यांना खड्डे पडलेत, जॉइंट बदलावा लागेल. आणि स्प्रिंगा मूळच्या बसवल्या नाहीत तर हा बूटही फाटेल, असं त्यानं सांगितलं. "पण लूक जाईल," भाचा म्हणाला. "लूक आरटीओले दाखाड," गॅरेजवाला म्हणाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या असल्या फेरफारांबद्दल आहे, हे मी भाच्याला सांगितलं. त्यानं ते १६६४ सारखंच ऐकलं.

पैसे घेताना हात पुसत गॅरेजवाला मला हळूच म्हणाला, "गुरुजी, पांझराले पानी शे का यंदा?" आहे म्हटलं. किती, म्हणाला. मी हातानं गुडघ्यापर्यंत दाखवलं. तो बराच वेळ माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला.

लग्न चांगलं झालं. वरणबट्टी उत्तम होती. किल्ला बाहेरून पाहिला. लोचो दोनदा खाल्ला, त्यामुळे परतीच्या वाटेवर एकही गतिरोधक मला बसून ओलांडता आला नाही.

तुमची गाडी खाली बसवलेली असो वा नसो, स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांच्या आत एकदा बत्ती मारून बघा. काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर त्याच आठवड्यात बूट बदला, काहीशे रुपयांत भागतं. जॉइंट गेला की हजारांत जातं. आणि गाडी भाच्याची असेल तर भुसावळ–सुरत रेल्वे आहे. धुळेकरांना नरडाणा स्टेशन जवळ पडतं.