आम्ही परत येऊ, साहेब!

युरोपला जायची इच्छा असलेल्या माणसाला सगळ्यात आधी हे सिद्ध करावं लागतं, की त्याला युरोपात राहायची इच्छा नाही. तिकीट, हॉटेल, थर्मल वगैरे नंतर. शेंगेन व्हिसाचे नियम कितीही वाचले, तरी सगळ्यांच्या मुळाशी साहेबाचा हाच प्रश्न असतो: परत जाणार ना? आणि या प्रश्नाला सरळ 'हो' म्हटलेलं चालत नाही, कागद लागतो.

काका-काकू पुण्याचे समजू. लेक-जावई आइंडहोव्हनला, म्हणजे अर्ज नेदरलँड्सकडे. बरेच देश बघायचे असतील, तर जिथे जास्त दिवस मुक्काम त्या देशाकडे अर्ज करायचा, असा नियम आहे. मुक्काम सारखेच असतील, तर जिथे पहिलं पाऊल पडणार तिथे. एकदा शिक्का मिळाला की २९ देश मोकळे. ही मोकळीक देणारा करार १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या द्राक्षमळ्यांच्या गावी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर झाला. पलीकडच्या काठावर जर्मनी, शेजारी फ्रान्स. पाच देशांनी आपापसातल्या सीमा पुसायचं ठरवलं ते पाण्यावर बसून. बाहेरच्यांसाठीचे कागद मात्र जमिनीवर आणि दोन प्रतींत.

काकांनी आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांची कागदपत्रं तपासली. त्यामुळे हे काम आपल्याला डाव्या हाताचं, असं त्यांना वाटलं होतं. पहिला धक्का जावयाने दिला. मुलीकडे राहायचं तर तिथल्या यजमानाने जामिनाचा फॉर्म भरायचा आणि नगरपालिकेत जाऊन त्यावरची सही प्रमाणित करून आणायची. म्हणजे सासऱ्याच्या खर्चाची हमी जावयाने घ्यायची! अधिक महिन्यात जावयाला चांदीचं ताट आणि अनारसे देणाऱ्या माणसाला हे कसं पचावं? "आपण आपल्या पैशाने जाऊ," काका म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या बचत खात्याचा उतारा काढला. पेन्शन आली, वीजबिल गेलं, दूधवाला गेला, उरलं ते एफडीत गेलं. खातं कायम एकादशी धरून बसलेलं. मुलाने फोनवर सुचवलं, "बाबा, मी चार लाख टाकतो, तेवढं दिसेल." त्यावर काकांमधला बँकवाला उसळला. "असली आदल्या दिवशी फुगलेली खाती बघून मीच कर्जं नाकारायचो!" एफडीच्या पावत्या जोडाव्यात, असं ठरलं.

फॉर्म भरताना काकूंचं नाव आलं आणि अख्खी दुपार गेली. आडनाव लिहा, जन्मावेळचं आडनाव लिहा, मग नाव लिहा. काकूंच्या लग्नात आडनावाबरोबर नावही बदललं होतं, तांदळात अंगठीने लिहून. मॅट्रिकच्या दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. पण जन्मावेळचं नाव विचारणारा रकाना फॉर्मवर नाही. बायकांची आडनावं बदलतात इथपर्यंत युरोपला ठाऊक आहे, त्यापुढे महाराष्ट्र काय करतो याची तिकडे कुणाला कल्पना नाही.

जन्मावेळचं राष्ट्रीयत्व, हा आणखी एक रकाना. काका-काकूंनी तो क्षणात भरला. गोव्यातल्या त्यांच्या वयाच्या माणसाची लेखणी तिथे थबकू शकते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्व मिळवू देतो. तो पासपोर्ट हातात आला की शेंगेन व्हिसाची भानगडच संपली. भारताचं नागरिकत्व मात्र जातं, आणि मग स्वतःच्या म्हापशाला यायला परवानगीचे कागद जमवावे लागतात. परत येण्याचा प्रश्न इथे उलट्या बाजूने उभा राहतो.

विम्याच्या कागदाने काकू हसायला लागल्या. प्रत्येकी किमान ३० हजार युरोंचं संरक्षण हवं आणि त्यात मृत्यू झाल्यास मायदेशी पाठवण्याचा खर्चही धरलेला हवा. "अहो, म्हणजे मेलो तर परत येणार याची यांना खात्री आहे. शंका आहे ती जिवंत येण्याबद्दल!"

त्या शंकेसाठी कव्हरिंग लेटर असतं. काकूंनी सांगितलेला मजकूर असा: घरी दीड दिवसाचा गणपती असतो, भिशीची पाळी ऑगस्टमध्ये आहे, आणि कुंडीतल्या सोनचाफ्याला शेजारचे पाणी घालतात पण ते अती घालतात. काकांनी सगळं खोडून सातबारा जोडला. कोकणातल्या जमिनीत काकांचा हिस्सा आहे, सोबत चुलत भावांची रांग आहे, आणि बांधावरून कोर्टात दावाही सुरू आहे. उतारा इंग्रजीत करून देणाऱ्याने 'पोटखराबा' या शब्दासाठी जादा पैसे मागितले. खरं तर एवढ्या एका कागदावर व्हिसा द्यायला हवा. भाऊबंदकीचा दावा अर्धवट सोडून परदेशात कायमचा राहिलेला कोकणी माणूस कुणी पाहिलाय?

व्हिसा अर्ज केंद्रात दहा बोटांचे ठसे द्यायचे होते. काकांचे लगेच उमटले. काकूंच्या बोटांवरच्या रेषा भांडी घासून, नारळ खवून पार गुळगुळीत झालेल्या. मशीन पुन्हा पुन्हा लाल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काकू, जरा जोरात दाबा." काकूंनी पोळीची कणीक तिंबावी तसा अंगठा दाबला आणि हिरवा दिवा लागला. हे ठसे ५९ महिने चालतात, म्हणजे तेवढ्या काळात पुन्हा अर्ज केला तर बहुधा नव्याने द्यावे लागत नाहीत.

माणसाच्या हेतूविषयी 'वाजवी शंका' हे व्हिसा नाकारण्याच्या छापील पत्रातलं एक कारण आहे. तसल्या शंकेचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. १९१८ मध्ये होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन लोकमान्य टिळक विलायतेला निघाले, तर कोलंबोला पोचल्यावर पासपोर्ट रद्द केल्याचं कळलं. त्याच वर्षी पुढे इंग्रज पत्रकार चिरोलवरच्या खटल्यासाठी परवानगी मिळाली, तीही तिकडे राजकीय चळवळ करायची नाही या अटीवर. सरकारची शंका तेव्हा अगदी वाजवी होती! काका-काकूंबद्दलची शंका एवढीच, की हे आइंडहोव्हनला राहून करणार काय? तिकडे संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर गप्पा मारायला माणूस सापडत नाही, अशी लेकीचीच तक्रार.

पंधरा दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, वेळ पडली तर तो ४५ दिवसांपर्यंत लांबतो. त्या काळात पासपोर्ट त्यांच्याकडे आणि जीव टांगणीला. काका-काकूंचा व्हिसा आला, पण मोजून प्रवासाच्या दिवसांपुरता. सगळ्यांचा येतोच असं नाही. २०२४ मध्ये भारतातून अकरा लाखांहून अधिक अर्ज गेले, त्यांतले दीड लाखांहून अधिक नाकारले गेले. व्हिसा नाकारला तरी जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो झालेली फी परत मिळत नाही.

एक गोष्ट मात्र बरी झाली आहे. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झाले. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरून वेळेवर घरी आलात, तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो, त्यानंतरचा पाच वर्षांचा. पुढच्या मे महिन्यात निघायचं असेल, तर अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. तेव्हा दिवाळीचा फराळ संपला की कागद जमवायला लागा, आणि विमानाचं पक्कं तिकीट व्हिसा हातात पडल्याशिवाय काढू नका.